वैनगंगेचे दोन काठ आणि शिक्क्याचे समाजशास्त्र

एखादे कृत्य गुन्हा का ठरते, या प्रश्नाचे उत्तर समाजशास्त्र बराच काळ गुन्हेगारात शोधत राहिले. त्याची शरीरयष्टी, त्याची गरिबी, त्याची संगत, त्याचे घर अशी ही शोधाशोध चालली. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेतील काही अभ्यासकांनी हा प्रश्नच फिरवला. कृत्य करणाऱ्याला न्याहाळण्याआधी त्याला नाव ठेवणाऱ्याला न्याहाळा, असे त्यांचे म्हणणे. या विचाराला लेबलिंग सिद्धांत म्हणतात. मराठीत त्याला शिक्का सिद्धांत म्हणणे अधिक नेमके ठरेल. मराठीत शिक्का मारला जातो आणि तो माणसावर बसतो. मारणारा एक, सोसणारा दुसरा, हे या दोन क्रियापदांतच आले.

फ्रँक टॅननबॉम यांनी 1938 मध्ये याची पहिली मांडणी केली. पोर खोडी काढते, शेजारी तिला गुन्हा म्हणतात, पोलीस पोराची नोंद करतात, आणि मग पोराला स्वतःची ओळख त्या नोंदीतूनच होऊ लागते. एडविन लेमर्ट यांनी 1951 मध्ये प्राथमिक आणि दुय्यम विचलन असा भेद केला. पहिल्यांदा नियम मोडण्याची कारणे शंभर असू शकतात आणि त्यांतले बहुतेक प्रसंग विरूनही जातात. लोकांनी त्यावर बोट ठेवले, तो माणूस त्याच नावाने ओळखला जाऊ लागला आणि त्या ओळखीभोवती त्याला आपले जगणे बेतावे लागले, म्हणजे ते दुय्यम विचलन. हॉवर्ड बेकर यांच्या 1963 च्या ‘आउटसायडर्स’ या पुस्तकाने सिद्धांताला नाव आणि धार दिली. विचलन कृत्यात नसते, नियम करणारे आणि तो दुसऱ्यावर लावणारे यांच्या व्यवहारात ते घडते, असे बेकर यांनी मांडले. नियम घडवण्यासाठी झटणाऱ्यांना त्यांनी नीतीचे उद्योजक म्हटले. एकदा बसलेला शिक्का माणसाच्या बाकी सगळ्या ओळखी झाकून टाकतो, याकडेही त्यांनी लक्ष वेधले. तो बाप असतो, शेतकरी असतो, भजनी असतो, पण लोकांच्या लेखी आधी तो चोर असतो.

हा सिद्धांत शिकागोच्या गल्ल्यांत आणि जॅझ वादकांच्या संगतीत वाढला. चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत मात्र त्याची अशी उदाहरणे सापडतात, जी त्या मूळ अभ्यासकांच्याही हाती नव्हती. 26 ऑगस्ट 1982 पर्यंत हा एकच जिल्हा होता. इथे जंगलाचा कायदा, दारूचा कायदा, गावाची रूढी आणि बंदुकीचा धाक यांचे थर एकावर एक साचले. त्यामुळे एकाच माणसाच्या हयातीत एकाच कृत्याची नावे दोनदा-तीनदा बदललेली दिसतात.

सुरुवात बांबूपासून करावी, कारण तिथे शिक्का माणसाआधी झाडावर बसला. वनस्पतिशास्त्रात बांबू हे गवत आहे. 1927 च्या भारतीय वन अधिनियमाने मात्र झाडाच्या व्याख्येत ताड, वेत आणि बुंध्यांबरोबर बांबूही घातला. झाड म्हटले की तोडीला परवानगी हवी, वाहतुकीला पास हवा आणि दोन्ही नसतील तर वनगुन्हा. याच कायद्याच्या कलम 69 नुसार वनोपज कोणाचे असा प्रश्न उठला, तर उलट सिद्ध होईपर्यंत ते सरकारचे मानायचे. फौजदारी खटल्यात आरोपीला निर्दोष धरून सुरुवात होते. इथे मालकीबाबतची सुरुवात दुसऱ्या टोकाकडून होते. घराच्या कुडासाठी खांद्यावरून चार बांबू आणणारा गोंड माणूस, ते आपलेच आहेत हे सिद्ध करू शकेपर्यंत, सरकारी माल नेणारा ठरतो.

त्याच जंगलातला तोच बांबू तीन वाटांनी बाहेर पडत असे. कागद कारखान्याला तो कराराने मिळे. बुरूड कारागिराला सूप-टोपल्यांसाठी नोंदणीचे कार्ड दाखवून सवलतीत मिळे. गावकऱ्याला तो निस्ताराच्या नावाखाली, म्हणजे घरगुती गरजेपुरता, ठरलेल्या मापात मिळे आणि मापाबाहेर गेला की पंचनामा होई. तिन्ही वाटांवर कुऱ्हाडीचा घाव तसाच पडे. फरक कागदाचा होता, आणि कागद कोणाला मिळतो हा सत्तेचा प्रश्न असतो. बेकर यांच्या सिद्धांताचा गाभा यापेक्षा सोप्या रीतीने सांगता येणार नाही.

वनहक्क कायदा 2006 साली आला. वनवासी समूहांवर ऐतिहासिक अन्याय झाला, ही कबुली त्याच्या प्रास्ताविकेतच आहे. राज्याने आपणच मारलेल्या शिक्क्याबद्दल कायद्याच्या मजकुरात चूक मान्य करणे ही दुर्मीळ गोष्ट आहे. या कायद्याने बांबूला गौण वनोपज म्हटले. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबू गावाबाहेर न्यायचा तर वाहतूक पास वनखात्याचाच लागे, कारण खात्याच्या पुस्तकात बांबू अजून झाडच होता. दोन केंद्रीय कायदे एकाच वेळी लागू होते. एकात तो बांबू गावाचा होता, दुसऱ्यात तो विकणारा गुन्हेगार होता. गावचे कार्यकर्ते देवाजी तोफा आणि ग्रामसभा यांनी हा पेच धसास लावला. 21 मार्च 2011 रोजी तत्कालीन केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश यांनी, बांबू हे गौण वनोपजच मानावे, असे सर्व मुख्यमंत्र्यांना लिहिले. 27 एप्रिल 2011 रोजी ते मेंढ्याला आले आणि वाहतूक पासाचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती देण्यात आले. आधीच्या आणि नंतरच्या दिवशी बांबू तसाच होता, कुऱ्हाड तशीच होती, माणसे तीच होती. पासावर सही कोणाची, एवढेच बदलले आणि तेवढ्याने गुन्ह्याचा व्यापार झाला. जंगलाबाहेरच्या बांबूपुरता झाडाचा शिक्का काढायला संसदेला 2017 साल उजाडावे लागले.

मोहाची गोष्ट इतकी सरळ नाही, आणि सिद्धांताची खरी परीक्षाही तिथेच होते. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाखाली फुलांचा सडा पडतो. बायका आणि मुले उजाडायच्या आत टोपल्या घेऊन जातात, फुले वेचतात आणि अंगणात वाळत घालतात. वाळलेले मोहफूल खाल्ले जाते, विकले जाते, साठवले जाते. पाण्यात भिजवून आंबवले की त्याचा सडवा होतो आणि सडवा भट्टीवर चढला की दारू. माडिया आणि गोंड घरांत जन्म, लग्न, मरण आणि देवाचे कार्य यांत तिला स्थान आहे. टोपलीत असेपर्यंत जे वनोपज, ते मडक्यात भिजले की पोलिसांचा मुद्देमाल. कायद्याची रेघ इथे अंगण आणि मडके यांच्या मधून जाते. काही काळ ती अंगणातूनच जात होती. 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली मोहफुले साठवण्यावर आणि नेण्या-आणण्यावरही निर्बंध होते. ते 2021 मध्ये सैल झाले.

गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. चंद्रपूर जिल्ह्यात 1 एप्रिल 2015 पासून ती लागू झाली आणि मे 2021 मध्ये मंत्रिमंडळाने उठवली. दोन जिल्ह्यांच्या मधून वैनगंगा वाहते. 1993 ते 2015 या बावीस वर्षांत चंद्रपूरच्या काठावर परवानाधारक दुकानातून घेतलेली बाटली पूल ओलांडताच गुन्हा ठरे. पुढची सहा वर्षे ती दोन्ही काठांवर गुन्हा होती. 2021 नंतर पुन्हा एकाच काठावर. पिणाऱ्याची नियत, दारूचा परिणाम किंवा बाटलीतला ऐवज यांतले काहीही या तारखांबरोबर बदलले नाही.

शिक्का माणसावर कसा घट्ट होत जातो, हेही दारूबंदीत जवळून दिसते. पहिल्या खटल्यात माणसाचे नाव आणि दारूबंदी कायद्याचे कलम 65 एवढेच असते. तिसऱ्या-चौथ्या खटल्यानंतर नावाआधी ‘सराईत’ हा शब्द लागतो. मग तडीपारीचा प्रस्ताव निघतो. त्याच्याही पुढे 1981 चा एक कायदा आहे, ज्याच्या अधिकृत मराठी नावातच झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाले हे शब्द आहेत. चोरीचा कायदा चोरी या कृत्याला नाव देतो. हा कायदा माणसांच्या जातकुळीला नाव देतो आणि खटल्याशिवाय स्थानबद्ध करण्याची मुभा देतो. लेमर्ट ज्याला दुय्यम विचलन म्हणतात त्याची पायरी न् पायरी इथे सरकारी कागदात लिहिलेली सापडते. सराईत ठरलेल्याला मजुरीला कोणी बोलवत नाही, आणि भट्टी सोडून दुसरे काही करण्याची वाट आणखी अरुंद होते.

इथवर सिद्धांत चोख चालतो. पुढे तो अडखळतो. बेकर यांच्या चित्रात नीतीचे उद्योजक हे बहुधा वरच्या पायरीवरचे लोक असतात. ते आपली नीती खालच्यांवर लादतात. गडचिरोलीत दारूमुक्तीची मागणी अभय आणि राणी बंग यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी पुढे नेली, पण तिला बळ दिले ते गावोगावच्या बायकांनी. चंद्रपुरात पारोमिता गोस्वामी यांच्या श्रमिक एल्गार संघटनेबरोबर हजारो स्त्रियांनी वर्षानुवर्षे मोर्चे काढले. 2010 च्या डिसेंबरात त्या चिमूरहून नागपूरला विधिमंडळाच्या अधिवेशनावर पायी गेल्या. या बायका समाजाच्या वरच्या थरातल्या नव्हत्या. रोजगाराचे पैसे गुत्त्यात जाताना त्यांनी पाहिले होते, रात्रीचा मार त्यांनी खाल्ला होता. त्या माराला कोणी नाव दिले किंवा न दिले तरी तो लागतोच. काही कृत्ये शिक्क्याच्या आधीच इजा करतात, हे शिक्का सिद्धांताला नीट सांगता येत नाही. त्याच्या टीकाकारांचा मुख्य आक्षेप हाच आहे आणि तो खरा आहे. तितकेच खरे हेही की बंदीनंतर गुन्हा दाखल होणाऱ्यांत मोहाची दारू गाळून पोट भरणाऱ्या एकट्या बायकाही असतात. मार खाणारी आणि खटला सोसणारी एकाच गावच्या असू शकतात, एकाच घरच्याही. कोणताही सिद्धांत एका बाजूने उभा राहून हे दोन्ही पाहू शकत नाही.

बेकर यांनी एक छोटा तक्ता मांडला होता. नियम मोडला की नाही, आणि लोकांनी तसे मानले की नाही, या दोन प्रश्नांवरून चार घरे तयार होतात. त्यांतले एक घर खोट्या आरोपाचे, म्हणजे कृत्य नाही आणि शिक्का मात्र आहे. जादूटोण्याचा आरोप या घरात पूर्णपणे बसतो, कारण आरोप केलेले कृत्य मुळात शक्यच नसते. ऑगस्ट 2021 मध्ये चंद्रपूर जिल्ह्याच्या जिवती तालुक्यातील वणी (खुर्द) येथे करणी केल्याच्या संशयावरून वृद्ध स्त्रियांसह सात जणांना भर चौकात बांधून मारण्यात आले. मे 2024 मध्ये गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यातील बारसेवाडा येथे त्याच संशयावरून एक स्त्री आणि एक पुरुष यांना जिवंत जाळले गेले. काई एरिक्सन यांनी 1966 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या जुन्या वसाहतीचा अभ्यास करून दाखवले की समाजाला आपली हद्द पुन्हा आखावीशी वाटते तेव्हा तो चेटकिणी शोधू लागतो. ताप, आजारपण, कर्ज आणि भाऊबंदकी यांनी गांजलेल्या गावात दुखण्याला एक चेहरा हवा असतो. हा चेहरा बहुधा अशाचा निवडला जातो ज्याच्या मागे कोणी उभे राहणार नाही.

महाराष्ट्राने 2013 मध्ये, नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर, जादूटोणाविरोधी कायदा केला. अमुक माणूस करणी करतो असे जाहीर करून त्याचे जगणे कठीण करणे हाच त्यात गुन्हा आहे. हा शिक्का मारणाऱ्यावरच शिक्का मारणारा कायदा आहे, आणि त्याची गरज इथे होती यात शंका नाही.

खोट्या आरोपाच्या घरात गडचिरोलीचा आणखी एक शब्द येतो, खबऱ्या. नक्षलवाद्यांनी पोलिसांचा खबऱ्या ठरवून मारलेल्या गावकऱ्यांचे मृतदेह रस्त्यावर चिठ्ठीसह सापडत आले. तोच गावकरी नक्षलवाद्यांच्या दलमला, म्हणजे सशस्त्र तुकडीला, एक वेळचे जेवण दिल्याबद्दल दुसऱ्या बाजूला समर्थक ठरू शकतो. जेवण मागायला आलेल्याच्या खांद्यावर बंदूक असते, तेव्हा नाही म्हणण्याची सोय नसते. बेकर आणि लेमर्ट यांनी शिक्का मारणारी एकच सत्ता गृहीत धरली होती. इथे दोन सत्ता एकाच माणसावर उलटसुलट शिक्के मारतात, आणि एकीचा शिक्का पुसायला गेले की दुसरीचा उमटतो.

शिक्का फक्त आरोपीवर बसतो असेही नाही. 26 मार्च 1972 च्या रात्री देसाईगंज पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मजूर मुलीवर अत्याचार झाल्याची तक्रार झाली. देसाईगंज तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होते. 1974 मध्ये सत्र न्यायालयाने आरोपी असलेल्या दोन पोलिसांना सोडताना त्या मुलीच्या पूर्वीच्या संबंधांवर बोट ठेवले आणि तिला खोटारडी ठरवले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 1976 मध्ये पोलिसांना शिक्षा दिली. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली, कारण अंगावर जखमा नव्हत्या आणि प्रतिकार दिसत नव्हता. फिर्यादी होऊन आलेली मुलगी न्यायालयातून बाहेर पडताना चारित्र्याचा शिक्का घेऊन गेली. 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले आणि देशभर आंदोलन उभे राहिले. 1983 मध्ये कोठडीतील बलात्काराची वेगळी तरतूद झाली. पीडित स्त्री बदफैली होती असे दाखवून तिची साक्ष खोडता येई, ते पुराव्याच्या कायद्यातले कलम मात्र 2002 पर्यंत टिकले. देसाईगंजच्या त्या रात्रीपासून हा शिक्का कायद्याच्या पुस्तकातून जायला तीस वर्षे लागली.

शिक्का निघतो कसा, यावर सिद्धांताने उशिरा लक्ष दिले. जॉन ब्रेथवेट यांनी 1989 मध्ये दोन प्रकारची लाज वेगळी काढली. एक लाज माणसाला बाहेर ढकलते, दुसरी त्याला चूक दाखवून परत घेते. गोंड गावांत चुकलेल्याने दंड भरायचा, गावाला जेवण द्यायचे आणि त्या पंगतीत स्वतः बसायचे, ही रीत दुसऱ्या प्रकारची. तीच पंचायत माणसाला वाळीत टाकते तेव्हा ती पहिल्या प्रकारची होते, आणि त्यासाठी राज्याला 2016 चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा करावा लागला. पंगत आणि बहिष्कार एकाच पारावरून जाहीर होतात. म्हणून गावाच्या न्यायाची सरसकट भलामण किंवा सरसकट निंदा, दोन्ही फसवी आहेत.

सरकारी शिक्का काढण्याची सर्वांत मोठी मोहीम या दोन जिल्ह्यांत जबरान जोतीवर चालली. विदर्भात वनजमिनीवरील कसणुकीला लोक जबरान जोत म्हणतात. शब्दात जबरदस्ती आहे, आणि कसणारा स्वतःही हाच शब्द वापरतो. आजोबांनी फोडलेल्या, बापाने बांध घातलेल्या शेतालाही नातू जबरान जोत म्हणतो. लेमर्ट यांचे दुय्यम विचलन एखाद्याच्या बोलीत इतके खोल गेल्याचे उदाहरण शोधून सापडणार नाही. सरकारी भाषेत तो अतिक्रमणधारक होता. वनहक्क कायद्याने त्याला दावेदार म्हटले. 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून जमीन ताब्यात असल्याचे दाखवले की तो पट्टेधारक होतो, आणि पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे निघतो. दावा फेटाळला गेला तर तो फिरून अतिक्रमणधारक. 13 फेब्रुवारी 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशांना काढण्याचा आदेश दिला आणि 28 फेब्रुवारीला तो रोखला. त्या पंधरा दिवसांत देशभरातील लाखो घरांचे नाव कोणते, हे एका आदेशावर लोंबकळत होते.

दावा सिद्ध करायला पुरावा लागतो. जंगलात शेत करणाऱ्याकडे सातबारा नसतो, खरेदीखत नसते. त्याच्याकडे असते ती दंडाची पावती. अतिक्रमण केल्याबद्दल वनरक्षकाने केलेला गुन्ह्याचा रिपोर्ट, जप्त झालेल्या नांगराची नोंद, पिवळा पडलेला पावतीचा चतकोर. नाव, गाव, कक्ष क्रमांक, तारीख आणि क्षेत्र हे सगळे त्यावर असते. ज्या कागदाने तो गुन्हेगार ठरला, तोच त्या तारखेला त्या जमिनीवर त्याचा ताबा असल्याचा सरकारी दाखला असतो. घडी घालून पत्र्याच्या पेटीत जपलेली ती पावती ग्रामसभेच्या वनहक्क समितीपुढे उलगडली जाते आणि दाव्याच्या फाईलला पुरावा म्हणून जोडली जाते. ज्याला कधीच पकडले नाही, किंवा ज्याने पोटाला चिमटा काढून दंडाऐवजी हातावर काही टेकवून सुटका करून घेतली, त्याच्याकडे असा कागद नसतो. त्याला गावातल्या म्हाताऱ्यांचे जबाब, जुने बांध, विहिरीचा खड्डा आणि पूर्वजांच्या गाडलेल्या दगडांवर दावा उभा करावा लागतो. बिगरआदिवासी असेल, तर तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा.